बैलाच्या आडून

सुरतेतील आमच्या मराठी मंडळीच्या शब्बाथशाळेत उत्पत्तीचा सत्ताविसावा अध्याय चालू होता. एका मुलाने विचारले, "सर, एसाव हरणासाठी झुडपामागे लपत असेल, तीही फसवणूकच ना? मग एकट्या याकोबालाच दोष का?" वर्ग हसला; आम्हांला मात्र उत्तर सुचले नाही. प्रिय वाचकहो, त्या प्रश्नाचा येथे विचार करू.

शिकारी ज्या आडोशात दडून बसतो त्याला लपण म्हणतात. ते पाणवठ्याजवळ किंवा हरणांच्या वाटेवर असते. वारा जनावराकडून आपल्याकडे वाहील अशी बाजू निवडावी लागते, कारण माणसाचा वास हरणाला दुरूनही कळतो. फांद्या त्याच परिसरातील घेतात. मागून उजेड आल्यास आतली आकृती दिसते, म्हणून पाठ दाट करतात. चार दिवस आधी बांधले म्हणजे जनावरे त्याला सरावतात.

आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला आळा घातला व १९९१ च्या दुरुस्तीने तो अधिक कडक केला. सुरतेच्या दक्षिणेकडील वांसद्याचे जंगल एके काळी तेथील राजांचे होते. १९७९ पासून ते राष्ट्रीय उद्यान आहे. आता लपणात बसायचे ते जनावरे पाहण्यासाठी. म्हणजे लपणे हेच पाप नव्हे. हरणाने माणसावर विश्वास टाकलेला नसतो, आणि माणसाने त्याला शब्द दिलेला नसतो. जीव घेण्याचा प्रश्न गंभीर आहे, पण तो वेगळा.

लपण्याची दुसरीही एक रीत होती. रसेल व हिरालाल यांच्या १९१६ च्या ग्रंथात पारध्यांच्या 'गायके' नावाच्या शाखेचा उल्लेख आहे. हे लोक बैलाच्या आडून सावजाजवळ जात. चरणाऱ्या गुराचे हरणाला भय नसते. त्या निर्भयतेचाच आडोसा केला जाई. यावरून कोणी पारध्यांकडे बोट दाखवू नये. ते पोटासाठी रानात जात. गुन्हेगार जमातींचा कायदा १९५२ साली रद्द झाला, तरी त्यांच्यावरचा संशय सरलेला नाही. त्यात आपण भर घालू नये.

आता याकोबाकडे पाहा. तो झुडपामागे लपला नाही. भावाची वस्त्रे नेसून व करडांची कातडी हातांना बांधून आंधळ्या बापापुढे गेला. मुलाचा हात चाचपून बापाला जो भरवसा वाटला, त्या भरवशामागे तो लपला. एसावाच्या लपणात आणि याकोबाच्या कातड्यात हा फरक आहे.

हे लिहिताना आम्हांला आमचीच एक गोष्ट आठवते. मंडळीच्या निवडणुकीच्या वर्षी आम्ही एका वृद्ध भगिनीच्या घरी प्रार्थनेस गेलो. प्रार्थना झाली, चहा झाला, आणि उठता उठता आम्ही आमच्या बाजूच्या उमेदवाराचे नाव काढले. बाईंनी मान डोलावली. आम्ही खूश होऊन परतलो. पुढे त्या आजारी पडल्या तेव्हा आम्ही खरोखर प्रार्थनेसाठीच गेलो. त्यांनी दारातच विचारले, "आज काय काम काढलं, भाऊ?"

आम्ही त्यांच्याशी एकही शब्द खोटा बोललो नव्हतो. तरीही आमचे नुकसान एका मतापेक्षा मोठे होते. बैलामागून एकदा माणूस निघाला की हरीण पुढे बैलालाही भिते, आणि बैल बिचारा निरपराध असतो. प्रार्थना, आजाऱ्याची भेट, शिक्षकाची माया, यांच्या आड आपला मतलब दडविला, तर लोक मतलबाला नव्हे, प्रार्थनेला भिऊ लागतात.

पुढच्या रविवारी आम्ही त्या मुलाला सांगितले, "झुडपामागे लपणाऱ्याला हरीण ओळखत नसते. याकोबाला त्याचा बाप ओळखत होता." मुलगा थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "म्हणजे ओळखीच्या माणसाला फसवणं जास्त वाईट." आमचे उत्तर त्याने आमच्यापेक्षा नीट दिले. त्या भगिनीकडे मात्र आम्हांला अजून पुष्कळदा, काही न मागता, जावे लागणार आहे.