थांबण्याची ऐपत

नवी गाडी दारात उभी राहिली की बघायला येणारा माणूस तीन प्रश्न विचारतो. कितीला पडली, ॲव्हरेज काय देते आणि पळते किती. ‘थांबते कशी?’ हा चौथा प्रश्न विचारणारा गृहस्थ मला अजून भेटायचा आहे. इंजिनाची ताकद घोड्यांत मोजतात. ‘दोनशे घोडे आहेत’ म्हटलं की ऐकणारा आदराने मान डोलावतो. हे दोनशे घोडे उधळले तर आवरणारा गडी कोण, याची चौकशी कोणी करत नाही.

वास्तविक हिशेब उलटा आहे. शून्यावरून शंभरावर जायला ज्या साध्या गाडीला दहा-बारा सेकंद लागतात, तीच गाडी कोरड्या डांबरी रस्त्यावर शंभरावरून शून्यावर साडेतीन-चार सेकंदांत येते. म्हणजे गाडीतला सगळ्यांत बलदंड इसम इंजिन नसून ब्रेक आहे. पण बिचारा राहतो चाकाआड, धुळीत आणि चिखलात. लग्नघरातल्या आचाऱ्यासारखी त्याची गत. बिघडलं तरच त्याची आठवण व्हायची.

हे सगळं मला सुचायला निमित्त झाला आमचा पुतण्या. राहतो बीडला, पण गाडी आणली पुण्याहून. वापरलेली, पण दोनशे घोड्यांची. महिन्याभरात तक्रार सुरू झाली. “काका, पळायली तर लई भारी, पण ब्रेक दाबला की स्टिअरिंग थरथरायलंय.” मी कॉलेजात तीस वर्षं नीतिशास्त्र शिकवलं. त्यामुळे घरात ज्या गोष्टीचा निर्णय होत नाही, ती माझ्याकडे येते. माझ्याकडेही होत नाही, पण निदान प्रश्न जरा मोठा होतो.

आम्ही मिस्त्रीकडे गेलो. त्याने चाक उतरवलं, डिस्कच्या कडेवरून बोट फिरवलं आणि माप लावलं. डिस्क कमीत कमी किती जाड हवी, तो आकडा तिच्यावरच कोरलेला असतो. ही त्याच्याही खाली गेली होती. “वय झालं आता,” मिस्त्री म्हणाला आणि का कोण जाणे, माझ्याकडे बघितलं.

मग दुकानदाराने काउंटरवर तीन खोकी मांडली. पहिलं सगळ्यांत स्वस्त. त्यावरचं कंपनीचं नाव ओळखीचं वाटत होतं, फक्त एक अक्षर इकडचं तिकडे झालेलं. दुसरं गाडीच्या कंपनीने सांगितलेलं; दिसायला अगदी पोस्टमास्तरासारखं सज्जन. तिसरं खोकं उघडताच पुतण्याचे डोळे चमकले. भोकाभोकांच्या डिस्क आणि शर्यतीत वापरतात तसले पॅड!

“भोकं कशाला?” मी विचारलं.

“हवा खेळती राहते, काका.”

“आणि दिसायला पण बरं दिसतंय,” मिस्त्रीने खरं कारण सांगितलं. पॅड आणि डिस्कच्या मध्ये पाणी किंवा वायू कोंडू नये म्हणून ही भोकं पाडायची पद्धत आली. पण फार तापवलं तर तडा जायला सुरुवात होते ती त्या भोकांपासूनच. शर्यतीच्या पॅडचं तर आणखी विशेष. ते तापल्याशिवाय नीट धरतच नाहीत! शर्यतीत ठीक आहे, तिथे दर वळणाला ब्रेक लागतो. पण सकाळी गल्लीतून निघताना कोपऱ्यावर शेळी आडवी आली, तर तिला काय सांगायचं? ‘बाई, जरा दम धर, आमचे पॅड तापू देत’?

तिसरं खोकं बाजूला झालं. तेव्हा मिस्त्रीने पहिल्याची बाजू घेतली. “साहेब, हलकेच टाका. ब्रेक कमी लागला की पोरगं आपोआप हळू चालवतंय. चांगला ब्रेक दिला की लई पळवतंय.”

मी चमकलो. तीस वर्षांत एकाही विद्यार्थ्याने मला इतकं अडचणीत आणलं नव्हतं. कारण मिस्त्रीच्या बाजूने इतिहास उभा आहे. १९५३ साली फ्रान्समधल्या ले मां गावची चोवीस तासांची शर्यत जॅग्वारने डिस्क ब्रेकच्या जोरावर मारली. ब्रेक चांगले म्हणून ते ड्रायव्हर जपून गेले नाहीत. वळणाच्या पार तोंडाशी येईपर्यंत वेग सोडावा लागत नव्हता, म्हणून जिंकले. पुढे १९८०च्या दशकात जर्मनीतल्या म्युनिक शहरात काही टॅक्सींना चाक जाम होऊ न देणारे नवे ब्रेक बसवले आणि काहींना नाही. अपघात दोन्हींचे जवळजवळ सारखेच! नव्या ब्रेकवाल्यांनी मिळालेली सुरक्षितता दामटून चालवण्यात खर्च करून टाकली होती. मग वाईट ब्रेक हाच सद्गुणांचा गुरू मानायचा काय?

पण दुसऱ्या बाजूचाही पुरावा आहे, आणि तो देशी आहे. १९८३ मध्ये आपल्याकडे राजदूत ३५० आली. मूळ जपानी गाडीला पुढे डिस्क ब्रेक होता. इथे खर्च वाचवायला ड्रम लावला. मिस्त्रीचं शास्त्र खरं असतं तर त्या मोटारसायकलीवर बसणारा प्रत्येक तरुण वारकरी व्हायला हवा होता. प्रत्यक्षात तिच्या ‘आरडी’ या अक्षरांचा लोकांनी ‘रॅपिड डेथ’ असा विस्तार केला. वाईट ब्रेक माणसाला शहाणा करत नाही. शहाणं व्हायला लागणारी जागा तेवढी काढून घेतो.

माझ्या मते खरा प्रश्न असा आहे. चांगल्या ब्रेकमुळे गाडी पाच-दहा मीटर आधी थांबते, ते मीटर कुणाच्या मालकीचे? पुतण्याला वाटतं, पैसे मी मोजले, मीटर माझे. वेग वाढवून वापरीन. इथे मला बीडचा रस्ता आठवतो. दसरा-दिवाळीच्या सुमारास बीडहून मांजरसुंब्याचा घाट रात्री चढून बघा. ऊसतोडीला निघालेले ट्रॅक्टर, मागे दोन-दोन ट्रॉल्या. त्यांत भांडीकुंडी, सरपण, शेळ्या, पोरं आणि मुकादमाची उचल घेऊन बसलेली नवराबायको. त्या जोडप्याला मिळून हिशेबात ‘एक कोयता’ म्हणतात! बहुतेक ट्रॉलीला स्वतःचा ब्रेक नसतो. पुष्कळदा मागचा लाल दिवाही नसतो. शंभराच्या वेगात गाडी एका सेकंदात २८ मीटर जाते, आणि अंधारातली ट्रॉली दिसून पाय ब्रेकवर जाईपर्यंत तो सेकंद संपलेला असतो. त्यापुढचं जे अंतर उरतं, ते त्या पोरांचं. त्यांनी खोकं निवडलेलं नाही, किमतीत घासाघीस केलेली नाही. पण ब्रेक विकत घेतला जातो तो त्यांच्यासाठीच. इंजिन माणूस स्वतःसाठी घेतो. ब्रेक ज्याचं तोंडही पाहिलेलं नाही त्याच्यासाठी.

हे मी दुकानात जवळपास याच शब्दांत बोललो. दुकानदाराने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, “मग मधलं बांधू?”

मधलं बांधलं. मिस्त्रीने पुढच्या दोन्ही चाकांचे पॅड आणि डिस्क एकदम बदलल्या, कारण एक बाजू नवी आणि एक जुनी असली की गाडी थांबताना एकीकडे ओढते. भावाभावांच्या वाटणीतही हेच होतं. ब्रेक ऑइलही बदललं. ते हवेतलं पाणी पितं आणि मग घाटात ऐन वेळी उकळतं. शेवटी पुतण्याला बजावलं, “साठवरनं वीसवर, असं दहादा हळूहळू आण. पॅडची न डिस्कची वळख होऊ दे.”

पुतण्या हल्ली घाट हळू चढतो, असं तो सांगतो. त्यावर विश्वास ठेवायला मला नीतिशास्त्राचा आधार नाही, नात्याचा आहे. ब्रेक दुकानात मिळतात. पण वाचलेले मीटर उधळायचे की समोरच्यासाठी राखायचे, हा सौदा प्रत्येक वळणावर नव्याने होतो, आणि तिथे कुणाचा काका बसलेला नसतो. आपल्या भाषेला हे फार आधीच कळलं होतं. बैलाच्या अंगात जोर किती हे गावभर सांगत सुटणारा शेतकरी वेसण मात्र गाजावाजा न करता, दर वर्षी नवी घालतो.