कांद्याची पट्टी

शिरूर तालुक्यात न्हावऱ्याजवळच्या एका वस्तीवर एक मुलगी राहत होती. तिची मावसबहीण दौंडला, रेल्वे लाइनीपलीकडे. दोघी एकाच वर्षी बारावी झाल्या आणि दोघींनाही नर्स व्हायचं होतं. आजी शेवटच्या दुखण्यात सरकारी दवाखान्यात होती, तेव्हा रात्री-अपरात्री तिची कूस बदलणारी सिस्टर दोघींनी पाहिली होती. तेव्हाच दोघींच्या मनानं घेतलं.

दौंडच्या मुलीला स्टेशनबाहेर एक पत्रक मिळालं. 'एका वर्षात नर्सिंग सर्टिफिकेट. शंभर टक्के नोकरी. पगार 15,000 पासून पुढे.' फी 1,20,000. तिचे वडील बँकेत गेले. साहेबांनी विचारलं, "संस्थेला नर्सिंग कौन्सिलची मान्यता आहे का? तेवढं पत्र आणा, मग शैक्षणिक कर्जाचं बघू." पत्र काही मिळालं नाही. गरिबाला बँक दारात उभं करत नाही, असं म्हणत वडील चिडून घरी आले आणि ओळखीच्या माणसाकडून शेकडा तीननं पैसे उचलले. बँकेनं त्या दिवशी त्यांना फुकटात एक गोष्ट तपासून दिली होती. ती त्यांनी अपमान म्हणून घेतली.

"तूही चल, दोघी एकाच खोलीत राहू," असा बहिणीचा फोन आला. न्हावऱ्याची मुलगी पत्रकाचा फोटो घेऊन वडिलांकडे गेली. ते ओट्यावर बसून मार्केट यार्डातून आलेली कांद्याची पट्टी बघत होते.

"दादा, पंधरा हजार पगार मिळतो."

दादांनी पट्टी तिच्या हातात दिली. "मोठ्यानं वाच."

40 गोण्या, 20 क्विंटल, भाव 1,100. एकूण 22,000.

"बावीस हजार आले की!"

"खाली वाच."

हमाली, तोलाई, वाराई मिळून 640. गाडीभाडं 2,500. बारदाना आणि खतासाठी आडत्याकडून घेतलेली उचल 6,000. सगळं वजा जाऊन तळाशी 12,860.

"आणि मजुरी, औषधं, लाइटबिल यातूनच भागवायचंय," दादा म्हणाले. "पारावर सगळे वरचा आकडा सांगतात, पोरी. चूल पेटते ती खालच्या आकड्यावर. तुझ्या कोर्सची अशी पट्टी कर, मग बोलू."

पट्टी करायची तर खरे आकडे हवेत. गावात उपकेंद्रावरून निवृत्त झालेल्या एक नर्सबाई होत्या. त्यांनी पत्रक चष्मा पुसून दोनदा वाचलं. "कोर्सचं नाव काय, हे नंतर. शेवटी तुझं नाव कुठं नोंदलं जातं, ते आधी विचार." मग त्यांनी नीट समजावलं. एएनएम दोन वर्षांचा, जीएनएम तीन वर्षांचा. शाळेला कौन्सिलची मान्यता हवी. पास झालं की महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलकडे नोंदणी होते आणि सरकारी भरतीत तो नोंदणी क्रमांकच विचारतात. ज्यांना शिष्यवृत्ती लागू होते, त्यांनाही ती मान्य संस्थेतच मिळते.

"मग हा एक वर्षाचा?"

"पेशंटचं अंग पुसणं, भरवणं, व्हीलचेअर ढकलणं. पुण्याचं काम आहे ते, त्याला कमी लेखू नकोस. पण त्याला मदतनीस म्हणतात आणि पगारही मदतनीसाचा मिळतो. ते शिकायला सव्वा लाख लागत नाहीत, चार-सहा महिन्यांत कमी पैशात शिकता येतं. आणि हे बघ, पत्रकावरची मुलगी पाहू नकोस. तिथून शिकलेली ड्युटीवरची मुलगी गाठ."

तिनं तसं केलं. शिरूरच्या एका खासगी दवाखान्याबाहेर सकाळी पाळी सुटताना उभी राहिली. तसाच कोर्स केलेली एक मुलगी भेटली. रात्रभर उभं राहून तिच्या पायांना सूज आली होती, चपलेचा पट्टा मांसात रुतला होता. "हातात आठ हजार पडतात," ती म्हणाली. लपवण्यासारखं तिला काही वाटलं नाही.

घरी येऊन मुलीनं कांद्याच्या पट्टीच्या पाठीवरच आकडेमोड केली आणि बहिणीला फोन लावला. पण तोवर पैसे भरून झाले होते.

पुढचं वर्ष मात्र न्हावऱ्याच्या मुलीला जड गेलं. एएनएमच्या यादीत तिचा नंबर लागला नाही. ती मेडिकलच्या दुकानात काम करू लागली. बहिणीचे पांढऱ्या गणवेशातले फोटो मोबाइलवर येत आणि शेजारणी विचारत, "तुझं काय गं?" योग्य निर्णय घेतल्यावरही माणूस रडतं. तीही रडली. दुसऱ्या वर्षी नंबर लागला. फी, पुस्तकं, मेस यासाठी आईनं बचत गटातून 60,000 काढले, शेकडा एकनं. महिन्याचं 600 रुपये व्याज आई दुधाच्या पैशातून भरत राहिली.

तिकडे दौंडच्या मुलीचा कोर्स संपला तेव्हा नुसतं व्याज 43,200 झालं होतं. नोकरी लागली, पुण्यात. पगार 8,000. कॉट बेसिसची खोली आणि मेस 5,500. उरायचे 2,500, आणि व्याज महिन्याला 3,600. महिनाभर रात्रपाळ्या करून ती 1,100 रुपयांनी मागे जात होती. पोरगी आळशी नव्हती, उधळी नव्हती. कामात तर बहिणीपेक्षा चपळ होती. तिचं नुकसान पहिल्याच दिवशी, कागदावर सही करताना होऊन गेलं होतं.

न्हावऱ्याच्या मुलीला नोंदणीनंतर रांजणगावच्या बाजूला 13,000 ची नोकरी लागली. घरूनच एसटीनं जायची. दर महिन्याला 5,000 मुद्दल आणि वरचं व्याज गटात. बारा हप्त्यांत गटाच्या वहीतलं तिचं पान कोरं झालं.

त्या दिवाळीला दौंडची मंडळी वस्तीवर आली. बहिणीची धाकटी बहीण त्या वर्षी बारावी झाली होती आणि पर्समधून घडी घातलेलं एक पत्रक काढत होती. फक्त संस्थेचं नाव वेगळं होतं.

दौंडच्या मुलीनं ते तिच्या हातातून घेतलं, वाचलं आणि पालथं केलं. कोऱ्या बाजूवर तिनं मधोमध उभी रेघ मारली. एकीकडे धाकटीचं नाव लिहिलं. थोडा वेळ पेन तसंच धरून बसली, मग दुसरीकडे स्वतःचं लिहिलं.

"काका," ती दादांना म्हणाली, "एएनएमचे अर्ज कधी सुटतात? आणि ती तुमची पट्टी आहे का अजून? मला खालच्या ओळी कशा लिहायच्या ते दाखवा."

दादा उठले आणि दिवळीतली पट्ट्यांची चळत घेऊन आले.