मेल्या, सावकाश चल

संध्याकाळी सावंतवाडीच्या मोती तलावाच्या काठावर बसा. फार काही करायचं नाही. गाड्यांचे दिवे पाण्यात लांबत जातात, तिकडे राजवाडा, इकडे आवरत आलेला बाजार. पाठ टेकायला काही मिळालं तर टेका. आज मननाला विषय हलका घेतला आहे: फसलेलं भूत.

म्हणजे सिनेमातलं. आठवा, आणि वयाने लहान असाल तर कल्पना करा. गणपतीचे दिवस, अंगणात भाड्याने आणलेला टीव्ही आणि व्हीसीआर, रात्रीची तिसरी कॅसेट. धूर सुटतो. कबरीवरची माती हलते. एक हात वर येतो, निळसर, सडका, आणि त्याच्या मनगटावर घड्याळाच्या पट्ट्याचा गोरा वळ. अंगणात क्षणभर शांतता. मग पडवीच्या कोपऱ्यातून एक 'फिस्' येतं आणि पाठोपाठ सगळं अंगण हसतं. पोरांना उराशी धरून बसलेल्या आयासुद्धा.

त्या हसण्यापाशी थांबा. कॅसेट पुढे पळवू नका.

हसू कशाचं आलं? सोंग वठलं नाही म्हणून, हे उत्तर चटकन येतं. ते जरा बाजूला ठेवू. कौटुंबिक सिनेमा वठला नाही तर आपण हसत नाही, चहा टाकायला उठतो. किंवा चितारआळीतली लाकडी फळं डोळ्यांपुढे आणा. त्यातला आंबा अगदी खरा वाटला तर आपण वाहवा म्हणतो, आणि एखादा ओबडधोबड निघाला तरी कोणी खो खो हसत नाही. आंब्याला काही लपवायचं नसतं.

आता डोळे मिटा आणि मेल्याचं सोंग घ्या. बसल्या जागीच, लोकांना कळायचं नाही. श्वास रोखा. मनात दहापर्यंत मोजा. पापणी थरथरते. घशाशी आवंढा येतो. नाकावर नेमकी आत्ताच खाज सुटते. पोट कधी नाही ते गुरगुरतं. सोडा श्वास.

रोजंदारीवर आणलेल्या त्या सिनेमातल्या मुडद्याचं काम हेच होतं. तोंडाला पावडर, अंगात फाटका सदरा, आणि हुकूम एकच की जिवंत दिसायचं नाही. जीव मात्र कुठून ना कुठून डोकावतोच. छाती हलते, पायाखाली दगड आला की मुडदा तोल सावरतो. अंगणाला हसू आलं ते या जिवाचं. आपण मरण बघायला अंग आकसून बसलो होतो आणि समोर निघाला कोणीतरी धडधाकट माणूस, बहुधा भुकेलेला.

स्वस्तपणा हे हसण्याचं कारण नव्हे, एवढं इथे नोंदवून ठेवतो. जॉर्ज रोमेरोचा 'नाइट ऑफ द लिव्हिंग डेड' 1968 सालचा, खर्च जेमतेम 1 लाख 14 हजार डॉलर. रक्त म्हणून चॉकलेटचं सिरप वापरलं. काळ्यापांढऱ्या फिल्मवर ते खपून गेलं. मुडदे खातात ते मांस म्हणजे सिरपात बुडवलेलं भाजलेलं हॅम. आणि तरी तो सिनेमा एकट्याने बघताना मी दाराची कडी दोनदा तपासली आहे. रोमेरोचे मुडदे गर्दीत राहतात, दूर राहतात, कॅमेरा त्यांच्या मनगटापाशी रेंगाळत नाही.

एड वूडचा कॅमेरा रेंगाळतो. 'प्लॅन नाइन फ्रॉम आउटर स्पेस' ही या प्रकारातली पंढरीच. कबरीवरचे दगड धक्का लागला की डुगडुगतात. एकाच प्रसंगात घटकेत दिवस, घटकेत रात्र. आणि बेला लुगोसी. हा म्हातारा नट 1956 च्या ऑगस्टमध्ये वारला. वूडने त्याचं हाताशी असलेलं थोडंसं चित्रीकरण सिनेमात घातलं आणि उरलेल्या भूमिकेत आपल्या बायकोच्या ओळखीचा, मणक्यांवर उपचार करणारा एक वैद्य उभा केला. चण वेगळी, चेहरा वेगळा. म्हणून तो सबंध सिनेमाभर डगल्याची कड नाकापर्यंत धरून फिरतो. पहिल्यांदा बघताना हसून मुरकुंडी वळते. दुसऱ्यांदा लक्षात येतं की कबरीतून उठलेल्यांच्या या सिनेमात खरोखर गेलेला एकच होता, आणि मित्राने त्याला तरीही चालवत ठेवलं. या वाक्यापाशी थोडं बसा. मला अजून ठरवता आलेलं नाही की हे हास्यास्पद आहे की दुसरंच काही.

आपल्याकडे रामसे बंधूंनी 1972 साली 'दो गज जमीन के नीचे' केला, महाबळेश्वरला घरची मंडळी बरोबर नेऊन. मारून पुरलेला नवरा परत येतो. पण लक्षात घ्या, तो नवरा आहे. त्याला नाव आहे, हिशेब चुकता करायचा आहे. परदेशी झॉम्बीला, म्हणजे त्या चालत्या मुडद्याला, यातलं काहीच नाही. (मराठीत झोंबी म्हणजे धरपकड, झटापट. आनंद यादवांच्या पुस्तकाचं हे नाव वाचून कोणाला मुडदे आठवले नसतील.) आपण बहुतेक जण देह जाळतो, त्यामुळे परत यायला देहच उरत नाही, येते ती इच्छा. कोकणात तर भुताला हुद्दे आहेत. देवचार गावाची राखण करतो. आरवलीचा वेतोबा, तो तर भुतांचा अधिपती, आणि त्याला माणसं भलीमोठी चामड्याची पायताणं वाहतात, कारण तो रात्री फिरतो आणि ती झिजतात अशी श्रद्धा आहे. ज्याच्या पायताणाची काळजी आपण घेतो त्याची भीती वेगळी. आणि ज्याला ना गाव ना भाऊबंद, असा मुडदा हात पुढे करून आला तर सावंतवाडीचा माणूस पहिल्यांदा विचारणार, तू कोणाचो?

किंवा म्हणणार, ए मेल्या. हा शब्द सावकाश उच्चारून बघा. मालवणीत तो प्रेमाचा आहे. वर्षभराने मुंबईहून आलेल्या मित्राला स्टँडवर मिठी मारताना म्हणतात, 'मेल्या, खंय होतंस?' चालत्याबोलत्या माणसाला दिवसातून दहा वेळा मेलेला म्हणणाऱ्या मुलखात चालत्या मुडद्याने घाबरवायचं कसं?

'झोंबिवली' 2022 साली आला, 'गो गोवा गॉन' त्याआधी 2013 मध्ये. दोन्ही मुद्दाम हसवतात. मजा येते, पण ते हसू आमंत्रणाचं. न बोलावता आलेल्या हसण्याचा खरा अभ्यास केला तो जपानी शिनिचिरो उएदाने, 2017 च्या 'वन कट ऑफ द डेड'मध्ये. खर्च सुमारे 30 लाख येन. सुरुवातीची 37 मिनिटं एका दमात, एकही तोड न घेता चित्रित केलेला रद्दी झॉम्बीपट. नट मध्येच गप्प होतात, कॅमेरा जमिनीवर आडवा पडतो. तुम्ही हसता. मग सिनेमा मागे जातो आणि प्रत्येक चुकीमागे कोण धापा टाकत होतं ते दाखवतो. शेवटच्या दृश्याला क्रेन हवी, क्रेन तर मोडलेली. मग सगळी मंडळी एकमेकांच्या पाठीवर चढून थर लावतात आणि वर कॅमेरा धरतात. मराठी प्रेक्षकाला तिथे 'गोविंदा' म्हणावंसं वाटतं.

आता तलावावरून उठून मनाने एखाद्या देवळात चला. रात्र, जत्रा, दशावताराचा खेळ, म्हणजे धयकालो. मंडळाचा पेटारा देवळाच्या कडेला उघडा, नट आपापला रंग स्वतः लावताहेत, पोरं वाकून बघताहेत. लेखी संहिता नाही. सिंहासन म्हणजे एक बाकडं. काळ्या वेषातला संकासूर येतो. हल्ली जाहिरातीत 'ट्रिकसीनयुक्त' असं ठळक छापतात. धूर येतो, तांबडा उजेड येतो, राक्षस गरजतो. उजेड चुकीच्या वेळी आला तर कोणीतरी त्यावरही मालवणीत एक वाक्य टाकून मोकळा होतो. मग लोक हसतात आणि पुढच्या घटकेला पुन्हा भक्तीने बघतात. इथे जीव लपवायचा खटाटोपच नाही, म्हणून फजितीही नाही. मध्यरात्रीचा राक्षस सकाळी स्टँडवर चहा पिताना दिसतो, कानामागे रंग तसाच.

कार्तिकात जत्रा सुरू झाल्या की एक रात्र काढून ठेवा. मध्येच डोळा लागला तर लागू द्या. पहाटे दहीकाल्याच्या आधी शेजारचा कोणीतरी हलवून उठवेलच: 'ऊठ रे मेल्या, हंडी फुटतली.'