मांजर कुणाचे?

नांदेडच्या देगलूर नाक्याकडे किंवा लातूरच्या जुन्या गल्ल्यांत घराला घर लागून असते. एकाचे माळवद संपते तिथे दुसऱ्याचे पत्रे सुरू होतात. माणसांनी वाटणीच्या भिंती घातल्या आणि मांजराला त्यावरून चालायला रस्ता मिळाला. ते एका घरी दूध पिते, दुसऱ्याच्या जिन्याखाली पिले घालते आणि तिसऱ्याच्या ढाबळीतले कबूतर उचलते. मग भांडण पेटते. अशी भांडणे हसण्यावारी नेण्याची आपल्याकडे रीत आहे. आम्हाला मात्र त्यात एक गंभीर प्रश्न दिसतो. ज्या जिवावर आपण माया करतो, त्याने केलेल्या नुकसानीची जबाबदारी कुणाची?

या भांडणातली वाक्ये ठरलेली असतात. शेजारी म्हणतो, "तुमचे मांजर आवरा." उत्तर येते, "आमचे कुठे? ते तर गल्लीचे. आम्ही फक्त उरलेसुरले टाकतो." पण त्याच मांजराला कुणी काठी मारली की हेच घर म्हणते, "आमच्या मांजराला हात लावलाच कसा?" म्हणजे माया करताना मांजर आमचे आणि भरपाई देताना गल्लीचे. आम्ही उर्दू शाळेत शिकवणारी माणसे. हा प्रश्न वर्गात ठेवला तर चौथीतले मूलसुद्धा सांगेल की हा न्याय नव्हे.

मांजराविषयी मुस्लिम घरांत एक हळवा कोपरा असतो. हजरत अबू हुरैरा (रजि.) यांचे टोपणनावच मांजराच्या पिलावरून पडले. मांजराला कोंडून उपाशी मारणाऱ्या बाईला शिक्षा झाली, ही हदीस घराघरांत सांगितली जाते. पण तिचा उपयोग शेजाऱ्याला गप्प करण्यासाठी होऊ लागला तर अर्धीच हदीस आपल्याला कळली, असे म्हणावे लागेल. ज्याच्या उपद्रवापासून शेजारी निर्धास्त नाही, त्याचे ईमान प्रेषितांनी (स.) मान्य केले नाही. मुक्या जिवाचा हक्क आणि हमसायाचा हक्क एकाच तोंडून आलेले आहेत.

दुसरी एक हदीस आहे. हजरत अबू कतादा (रजि.) यांच्या सुनेने त्यांच्यासाठी वुजूचे पाणी काढले. मांजर आले, तेव्हा त्यांनी भांडे कलते धरून त्याला पिऊ दिले. सुनेला नवल वाटले. तेव्हा त्यांनी प्रेषितांचे (स.) म्हणणे सांगितले की मांजर नापाक नाही, ते तुमच्या अवतीभवती फिरणाऱ्यांपैकी आहे. म्हणजे फिरणे हा त्याचा स्वभावच आहे. पण भांडे कलते करणाऱ्याने आपल्या घरचे पाणी दिले, शेजाऱ्याचे नव्हे. एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. अशा दिवसांत हंड्यावर झाकण ठेवणाऱ्या आणि मांजराला हुसकावणाऱ्या बाईला निर्दय म्हणण्याचा अधिकार कुणाला आहे?

कायद्याकडे पाहावे तर तो अर्धीच वाट चालतो. इंग्रजांच्या १८७१ च्या कोंडवाड्याच्या कायद्यात गाई-म्हशी, शेळ्या-मेंढ्या, डुकरे, उंट, हत्तीसुद्धा आले. मांजर आले नाही. उलट मांजराला विष घालणारा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२५ खाली पाच वर्षांपर्यंतच्या कैदेस पात्र ठरतो. मारण्याविरुद्ध कायदा आहे, तो असलाच पाहिजे. पण गेलेल्या कबुतराचे काय, हे शेजाऱ्यांनीच ठरवायचे आहे.

इथे कुरआनातला एक निवाडा आठवतो. काही लोकांच्या मेंढ्या रात्री दुसऱ्याच्या शेतात शिरल्या. भाष्यकार सांगतात की हजरत दाऊद (अ.) यांनी मेंढ्या शेतवाल्याला देऊन टाकायला सांगितले. हजरत सुलेमान (अ.) यांनी निराळे सुचवले. मेंढीवाल्याने शेत पूर्ववत करून द्यावे, तोवर मेंढ्यांचे दूध-लोकर शेतवाल्याने घ्यावी आणि मग ज्याचे त्याला परत करावे. पहिल्या निवाड्याने हिशेब मिटतो. दुसऱ्याने नुकसान भरून निघते, शिवाय दोन्ही घरे नांदती राहतात. प्रेषितांच्या (स.) काळात एक उंटीण बागेत शिरली, तेव्हाही दिवसा बाग राखणे बागवाल्याकडे आणि रात्रीच्या नुकसानीची भरपाई जनावरवाल्याकडे, अशी जबाबदारी वाटली गेली.

मांजराला दावे बांधता येत नाही, म्हणून हा नियम त्याला जसाच्या तसा लागू होणार नाही. पण वाटणी लागू होते. खाऊ घालणाऱ्याने आपल्याच दारात, ठरल्या वेळी घालावे. घाण झाली तर स्वतः जाऊन उचलावी, कबूतर गेले तर न मागता पैसे द्यावेत, पिलांची संख्या वाढू नये म्हणून पशुवैद्याकडून शस्त्रक्रिया करून घ्यावी. ढाबळवाल्याने जाळी बसवावी. आणि मांजर पोत्यात घालून गोदावरीपलीकडे सोडण्याचा विचार कुणीच करू नये.

मिश्र वस्तीत तर हे अधिक जपले पाहिजे. तिथे मांजराचे भांडण फार वेळ मांजराचे राहत नाही. दोन घरांचे दोन समाज व्हायला एक चुकीचा शब्द पुरतो. त्या शब्दाआधी कुणीतरी शेजाऱ्याचे दार वाजवून "मांजर आमचेच आहे, तुमचे किती नुकसान झाले?" एवढे विचारले पाहिजे. आणि आमच्या मते हे दार मांजराला दूध घालणाऱ्यानेच आधी वाजवायचे असते.