पखालीला औषध

आठवीच्या पोरांना सूक्ष्मजीव शिकवतेस ना तू? मग स्वतःच्या बाबतीत अशी ढ कशी झालीस?

वय सेहेचाळीस. पाळी कधी तीन आठवड्यांनी, कधी दोन महिन्यांनी. आली की धो-धो. मध्यरात्री घामानं जाग येते, वर्गात ओठावर आलेला शब्द पळून जातो, घरी एवढ्या-तेवढ्यावरून डोळे भरतात. आणि इलाज काय? मोबाईलवर जाहिरात बघून मागवलेली प्रोबायोटिकची बाटली! रोग रेड्याला, औषध पखालीला.

"शरीरातलं नव्वद टक्के सेरोटोनिन आतड्यात बनतं, बाई," हे मलाच ऐकवतेस. ते रक्तातून मेंदूत शिरत नाही, हे कोण वाचणार? आतड्याचा मेंदूशी संबंध आहे, मान्य. काही जिवाणूंनी उदासी थोडी कमी झाल्याचे छोटे प्रयोग आहेत, तेही मान्य. पण गुण त्या-त्या वाणाचा आणि मात्रेचा. पाळी जायच्या वयातल्या विसराळूपणावर भरवशाचा पुरावा अजून नाही. तुझ्या बाटलीवर वाणाचं नाव तरी आहे का? बघितलंस?

आता म्हणशील, त्यापेक्षा येळवशीची, म्हणजे वेळ अमावस्येची, आंबील बरी. पी की, नको कोण म्हणतं? पण शिजवली की आंबवणारे जिवाणू मेले. वरून घातलेल्या ताकातले काय ते जिवंत. कुठले, किती, हे ना तुला ठाऊक ना मला. अन्न म्हणून पी, औषध म्हणून मिरवू नकोस.

"वयाचंच आहे." बरं, मग? वयाचं आहे म्हणून अंगावर काढायचं? अमेरिकेत २३६२ बायकांना चार वर्षं तपासलं. २००९ साली निष्कर्ष छापून आला: पाळी जायच्या काळात शिकण्याची गती मंदावते, पाळी गेल्यावर सावरते. म्हणजे डोकं गेलं म्हणून रडत बसू नकोस. पण थायरॉईड बघितलंस? हिमोग्लोबिन? २०१९-२१ च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून जास्त बायकांना रक्तक्षय निघाला. इतकं अंगावरून जातंय, आणि तू त्यात नाहीस हे कशावरून?

वेळ नाही? रात्री बारापर्यंत रील बघायला कुठून येतो? लोक काय म्हणतील? बाटली घरपोच मागवताना लाज वाटली नाही, रक्त द्यायलाच वाटते होय?

सोमवारी रजा टाक. मुरुडच्या ग्रामीण रुग्णालयात जा, ते म्हणाले तर लातूरची एसटी पकड. पाळीच्या तारखा, झोप, घाम, रडू, सगळं कागदावर लिहून ने. बाटलीही दाखव. जीव नकोसा वाटत असेल तर तेही डॉक्टरला तोंडानं सांग, गिळू नकोस.

रिपोर्ट घेऊन माझ्याकडे ये. नुसतं कारण घेऊन येणार असशील, तर माझ्या दारात उभी राहू नकोस.