दुखणाईत शेळी बाजारात न्यावी काय?

लहान शेतकऱ्याच्या दारी चार शेरडे असणे म्हणजे काय, हे ज्याने ती कधी पाळली नाहीत त्यास सांगून समजणे कठीण आहे. दोन एकर जिराईत जमीन, तीही पावसाच्या भरवशाची. अशा घरी चारपाच शेळ्या हाच काय तो हाताशी असलेला पैसा. शेळी पाच महिन्यांत विते. आपल्याकडील उस्मानाबादी जातीची शेळी तर पुष्कळदा एका वेतास दोन करडे देते. बाभळीबोरींच्या पाल्यावर आणि बांधावरच्या चाऱ्यावर तिचे भागते. आणि मुलाची फी, औषधपाणी किंवा बीबियाणे ह्यांची नड पडली म्हणजे एका बाजाराच्या दिवसात तिचे रोख रुपये होतात. तिला गरिबाची गाय म्हणतात ते उगीच नव्हे. ह्यास्तव अशा घरच्या दावणीस रोग लागला म्हणजे तो केवळ जनावरांपुरता राहत नाही. त्या घराच्या चुलीपर्यंत जाऊन पोहोचतो.

अशा प्रसंगी जो प्रश्न उद्भवतो तो चारचौघांत कोणी विचारीत नाही. तो रात्री, अंगणात, नवराबायको हलक्या आवाजात एकमेकांस विचारतात. समजा, पाच शेळ्यांपैकी एकीस ताप भरला आहे. तिने चारा सोडला आहे, डोळ्यांतून व नाकातून पाणी वाहत आहे. उद्या बाजार आहे. आज ती आपल्या पायांनी चालते. नाक पुसून, अंगावरून हात फिरवून उभी केली तर गिऱ्हाइकाच्या सहसा ध्यानात यावयाचे नाही. चार दिवस थांबले तर कदाचित तिच्याबद्दल एक पैसाही हाती येणार नाही. तर मग तिला, आणि तिच्याबरोबर अद्याप निरोगी दिसणाऱ्या दुसऱ्या दोघींना, उद्याच बाजारात न्यावे काय?

ह्या प्रश्नास "छे, हे पाप आहे" एवढे उत्तर देऊन मोकळे होणे सोपे आहे, आणि ज्याच्या दारी शेळी नाही त्यास तर ते फारच सोपे आहे. परंतु जी माणसे असे जनावर विकतात ती बहुतेक दुष्ट नसतात. त्यांची म्हणून काही कारणे असतात, आणि ती नीट ऐकून घेतल्यावाचून त्यांस उत्तर देण्याचा आपणांस अधिकार नाही.

पहिले कारण असे सांगतात की, बाजारात जो तो आपापले पाहून घेतो. घेणारा काही लहान मूल नव्हे. तो दात पाहतो, पाठ चाचपतो, चालवून बघतो; मग दलाल रुमालाखाली बोटे धरून भाव ठरवितो. विकणाऱ्याने आपल्या मालाचे दोष स्वतःच्या तोंडाने सांगावेत अशी तेथे रीत नाही. ह्यावर उत्तर हे की, जे दोष डोळ्यांस दिसतात त्यांपुरती ही रीत चालेल. म्हातारी शेळी दातांवरून कळते, लंगडी चालीवरून कळते. पण अंगात नुकताच शिरलेला रोग कोणत्या दातावरून कळणार? पीपीआर म्हणून जो रोग आहे, ज्यास शेळ्यामेंढ्यांची बुळकांडी असेही म्हणतात, त्यात जनावराचे तोंड येण्यापूर्वी आणि त्यास हगवण लागण्यापूर्वीच त्याच्या श्वासातून व नाकातोंडाच्या पाण्यातून रोगाचे विष बाहेर पडू लागते. ते विषाणू घेणाऱ्यास दिसत नाहीत. विकणाऱ्यास मात्र एवढे ठाऊक असते की, हिने काल संध्याकाळपासून चाऱ्यास तोंड लावलेले नाही. दोघांच्या ठायी असलेल्या ज्ञानातील हे अंतर हाच त्या सौद्यातला नफा आहे. आणि असा नफा चोरीहून फारसा निराळा नाही.

दुसरे कारण असे की, जनावर नाही तरी खाटकाकडेच जावयाचे. मग दोन दिवस आधी गेले म्हणून काय बिघडले? हे कारण वरवर पाहता सबळ दिसते. परंतु ते जनावर खाटकाकडेच जाईल हे कशावरून? लोणंद, चाकण, आटपाडी ह्यांसारख्या मोठ्या बाजारांत, किंवा तालुक्याच्या आठवडे बाजारात, जसा खाटीक येतो तसाच पाळण्यासाठी शेळी शोधणारा शेतकरीही येतो. स्वस्त शेळी पाहून जो सर्वांआधी पुढे होतो तो बहुधा गरीबच असतो. शिवाय जनावर खाटकाने घेतले तरी तेथे पोहोचेपर्यंत ते एकाच टेंपोत दहा गावांच्या शेळ्यांना खेटून उभे राहते, आणि एकाच टाकीतले पाणी पिते. ह्यांतील ज्या विकल्या जात नाहीत त्या संध्याकाळी आपापल्या गावी परत जातात, आणि रोगही त्यांच्याबरोबर जातो. ह्याहून आणखी एक गोष्ट आहे. शेळीस कोणता रोग झाला आहे हे घरच्या माणसास नेहमीच कळते असे नाही. पीपीआर माणसास होत नाही. परंतु फाशी नावाचा जो रोग आहे तो माणसासही होतो, आणि अशा जनावराचे मांस कापणाऱ्याच्या व खाणाऱ्याच्या जिवावर बेतू शकते. अचानक मेलेल्या जनावराचे प्रेत न फाडता चुना टाकून खोल पुरावे असे गुरांचे डॉक्टर सांगतात ते ह्याच भयामुळे.

तिसरे कारण सर्वांत जड आहे. ते म्हणजे दारिद्र्य. "आम्हांस ही हानी सोसवत नाही," असे ते घर म्हणते, आणि ते खरे बोलते. ह्या बोलण्याचा उपहास करू नये. तथापि हानी सोसवत नाही म्हणून ती नाहीशी होते काय, हे पाहिले पाहिजे. विकणाऱ्या घराने एका शेळीची किंमत वाचविली खरी. पण ती शेळी ज्या दावणीस बांधली जाईल तेथे आणखी चार शेळ्या असतील, आणि तिच्याबरोबर टेंपोत उभ्या राहिलेल्या शेळ्या आणखी चार दावणींस गेल्या असतील. म्हणजे जी हानी एका घरी एका शेळीची होती ती बाजारातून परतताना पाच घरांची होते. ह्या पाच घरांतही दोन एकर जमीन, एक आजारी म्हातारी आणि शाळेत जाणारी मुले असतात. ज्या दारिद्र्याची सबब आपण पुढे केली, त्याच दारिद्र्यावर आपण ते ओझे लोटले. श्रीमंताच्या पदरात ते कधीच पडत नाही; कारण श्रीमंत बाजारातली स्वस्त शेळी घेत नाही.

येथे एक भेद ध्यानात ठेवणे अवश्य आहे. न कळता जो रोगी जनावर विकतो त्यास कोणी दोषी म्हणू नये. वर सांगितल्याप्रमाणे रोग उघड होण्यापूर्वीच पसरू लागतो; तेव्हा अगदी प्रामाणिक मनुष्याच्या हातूनही अशी विक्री होऊ शकते. निर्गमाच्या एकविसाव्या अध्यायात मारक्या बैलाविषयी जो नियम आहे त्यातही हाच विवेक आहे. बैलाने एकाएकी कोणास मारले तर धनी निर्दोष ठरतो. परंतु बैल मारका आहे हे त्यास पूर्वी कळविले असून त्याने तो बांधून ठेविला नाही, तर दोष धन्याकडे येतो. आपल्या देशाचा कायदाही ह्याच अर्थाचा आहे. जनावरांच्या संसर्गजन्य रोगांविषयी २००९ साली जो कायदा झाला त्यात, परिशिष्टात दिलेला रोग आपल्या जनावरास झाला असे मालकास वाटल्यास त्याने गावच्या अधिकाऱ्यास किंवा ग्रामपंचायतीस वर्दी द्यावी असे सांगितले आहे, आणि रोगी आहे असे ठाऊक असलेले जनावर बाजारात आणण्यास मनाई केली आहे. 'ठाऊक असलेले' हा शब्द महत्त्वाचा आहे. ज्या क्षणी आपण शेळीचे नाक पुसून तिला बरी दाखविण्याचा विचार करतो, त्या क्षणी आपल्यास ठाऊक आहे हे सिद्ध झाले.

तेव्हा उत्तर हेच की, ती शेळी बाजारात नेऊ नये, आणि तिच्याबरोबर राहिलेल्या दोघींनाही नेऊ नये. परंतु एवढे सांगून आपण थांबलो तर आपण अर्धेच सत्य सांगितले असे होईल. ज्या बाईने शेळी घरी ठेविली तिने आपल्या पाच शेजाऱ्यांचे कळप वाचविले. तिच्या प्रामाणिकपणाचा लाभ सर्व गावास झाला आणि खर्च मात्र तिच्या एकटीच्या माथी बसला. गरिबाने खरे बोलावे अशी अपेक्षा करावयाची आणि त्या खरेपणाची किंमत त्याच्या एकट्याच्या घरातून वसूल करावयाची, ह्यास न्याय म्हणता येत नाही. असे वारंवार घडले तर पुढच्या खेपेस तिने नाक पुसून शेळी बाजारात नेली ह्याचे आश्चर्य वाटू नये. हा भार वाटून घेणे हे इतरांचे कर्तव्य आहे, उपकार नव्हे.

तो वाटून घेण्याचे मार्ग फारसे अवघड नाहीत. पहिला मार्ग लशीचा. पीपीआरची लस एकदा टोचली की सुमारे तीन वर्षे शेळीस त्या रोगापासून संरक्षण मिळते. करडे तीनचार महिन्यांची झाली म्हणजे त्यांसही ती देता येते. आंत्रविषाराची लस मात्र दरवर्षी पावसाळ्यापूर्वी टोचावी लागते. एका घराने टोचून शेजारच्या चार घरांनी न टोचल्यास रोग गावात राहतोच. म्हणून गावाने एक दिवस ठरवून सर्वांची जनावरे एकदम दवाखान्यापुढे उभी करावीत. दुसरा मार्ग सावधगिरीचा. बाजारातून आणलेली शेळी तीन आठवडे निराळी बांधावी. तिचे पाणी व चारा वेगळा ठेवावा. तिसरा मार्ग शुश्रूषेचा. पीपीआरवर नेमके औषध नाही, तरी वेगळे ठेवून, तोंड स्वच्छ करून, मऊ चारा व मीठगुळाचे पाणी देऊन, आणि मागाहून होणाऱ्या फुप्फुसाच्या विकारावर डॉक्टरांकडून औषध घेऊन काही जनावरे वाचतात. आणि जे ह्या रोगातून उठते त्यास तो बहुधा जन्मभर पुन्हा होत नाही. चौथा मार्ग सामाईक पेटीचा. ज्या घरी शेळ्या आहेत त्यांनी दर शेळीमागे दरमहा थोडी रक्कम एकत्र ठेवावी, आणि जो रोगाची वर्दी देऊन जनावर घरी ठेवील त्याची हानी त्यातून अंशतः भरून द्यावी. ज्यांस जनावरांचा विमा काढणे शक्य आहे त्यांनी तोही काढावा.

हे सर्व व्यर्थ आहे, रोग यावयाचा तो येणारच, असे म्हणणारे प्रत्येक गावात असतात. त्यांस बुळकांडीची आठवण द्यावी. गुरांच्या ज्या बुळकांडीने एके काळी गावेच्या गावे ओस पाडली, तिची भारतातील शेवटची नोंद १९९५ सालची आहे, आणि २०११ साली ती सर्व पृथ्वीवरून नष्ट झाली असे जाहीर झाले. त्या रोगाविरुद्ध १९२० च्या दशकात मुक्तेश्वर येथे जी लस तयार झाली तीही, शेळ्यांच्या अंगात रोगाचे विष पुनःपुन्हा वाढवून सौम्य करूनच झाली होती. परंतु एकट्या लशीने ते काम झाले नाही. असंख्य गावांत असंख्य माणसांनी आपल्या गोठ्यात रोग आला हे लपवून न ठेवता सांगितले, म्हणून तो कोठे उरला आहे हे कळले. आता शेळ्यामेंढ्यांचा पीपीआर २०३० पर्यंत नाहीसा करण्याचा संकल्प जगातील राष्ट्रांनी केला आहे. १९४२ साली आफ्रिकेतील आयव्हरी कोस्ट देशात प्रथम वर्णिलेला आणि १९८७ साली तमिळनाडूत प्रथम आढळलेला हा रोग जाईल की राहील, हे शेवटी अंगणात रात्री होणाऱ्या त्याच हलक्या बोलण्यावर अवलंबून आहे.

म्हणून वाचक बंधुभगिनींनो, आपल्या वस्तीत कोणी दुखणाईत शेळी घरी ठेविली असे कानी आले, तर "बरे केले" एवढे म्हणून पुढे जाऊ नका. दवाखान्यात वर्दी देण्यास तिच्याबरोबर जा, शेळी मेली तर खड्डा खणण्यास हात लावा, आणि तुमच्या दारी पुढच्या वेतास दोन करडे झाली तर त्यांतील एक तिच्या दावणीस बांधता येईल काय, ह्याचाही विचार करा.