समक्ष भेट



रविवारच्या मिस्सानंतर आईवडिलांच्या तोंडून अलीकडे एक काळजी वारंवार ऐकू येते. मुलगा किंवा मुलगी परदेशी निघालेली असते; कोणी आखातात नोकरीला, कोणी परिचारिका म्हणून, कोणी शिकायला. तिकडे ओळखीचे कोण आहे, असे विचारले की उत्तर मिळते, 'आहेत ना, माझे मित्र आहेत.' हे मित्र म्हणजे पाच-सहा वर्षे मोबाईलवर आणि संगणकावर बोललेली माणसे. एकमेकांचे वाढदिवस, घरातली आजारपणे, परीक्षांचे निकाल सारे ठाऊक असते, पण भेट एकदाही झालेली नसते. ही मैत्री खरी मानायची का, असे आईवडील विचारतात. प्रश्न रास्त आहे. मात्र तो वाटतो तितका नवा नाही.

आपल्या महाराष्ट्रातच सुमारे दीडशे वर्षांपूर्वी अशी एक मैत्री जुळली होती. डॉ. आनंदीबाई जोशी यांचे नाव आपण शाळेत वाचले आहे. 2019 साली आलेला 'आनंदी गोपाळ' हा चित्रपटही अनेकांनी पाहिला असेल. त्यांचे पती गोपाळराव टपाल खात्यात नोकरीला होते. बायकोला शिकवायचेच, या ध्यासाने त्यांनी 1878 साली कोल्हापूरहून अमेरिकन मिशनऱ्यांकडे पत्र लिहून मदत मागितली. पुढे अमेरिकेतल्या एका मिशनरी मासिकात ते पत्र आणि त्यावरचे उत्तर छापून आले. उत्तराचा आशय असा, की ख्रिस्ती होणार असाल तर मदतीचा विचार करता येईल. खरे म्हणजे दार तेथेच बंद झाले होते.

परंतु 1880 साली न्यू जर्सीतील रोझेल या गावच्या थिओडिशिया कार्पेंटर नावाच्या बाई दातांच्या डॉक्टरकडे आपला नंबर येण्याची वाट पाहत बसल्या होत्या. हाताशी तेच मासिक होते. त्यांनी पत्र वाचले, उत्तरही वाचले, आणि त्या परक्या मुलीला स्वतः पत्र लिहिले. आनंदीबाई तेव्हा पंधरा वर्षांच्या होत्या. जन्मलेले मूल दहाच दिवसांत गेल्याचे दुःख त्यांच्या पदरी आले होते. पत्र सुरू झाले ते थांबले नाही. आनंदीबाई त्यांना मावशी म्हणू लागल्या. कलकत्त्यात त्यांना सारखी डोकेदुखी आणि अशक्तपणा होता, तर या मावशीने अमेरिकेहून औषधे पाठवली. त्या औषधांनी गुण आला नाही, ही गोष्ट निराळी. ज्या माणसाचा आवाजही कधी ऐकलेला नाही, त्याच्या डोकेदुखीने आपला जीव कासावीस व्हावा, याला मैत्री नाही तर दुसरे काय म्हणावे?

7 एप्रिल 1883 रोजी अठरा वर्षांच्या आनंदीबाई कलकत्त्याहून बोटीत बसल्या आणि 4 जूनला न्यूयॉर्कला उतरल्या. त्यांना उतरवून घेण्यासाठी कार्पेंटरबाई आल्या होत्या. नऊवारी नेसलेली, शाकाहारी, थंडीची सवय नसलेली ही मुलगी त्यांनी रोझेलला आपल्या घरी नेली आणि फिलाडेल्फियाच्या वैद्यकीय महाविद्यालयात जाईपर्यंत लेकीसारखी सांभाळली. निघण्यापूर्वी फेब्रुवारीत आनंदीबाईंनी श्रीरामपूरच्या कॉलेजात भर सभेत सांगितले होते, की मी हिंदू म्हणून जाते आहे आणि हिंदू म्हणूनच परत येईन. तरीही मावशीच्या घराचे दार उघडेच राहिले. आपण ख्रिस्ती म्हणून येथे जरा थांबले पाहिजे. मासिकातल्या उत्तरात अट होती, बाईंच्या पत्रात अट नव्हती. दोन्हीकडे ख्रिस्ताचेच नाव होते. त्यांपैकी ख्रिस्ताची ओळख कोणत्या पत्रातून अधिक पटली असेल, हे आनंदीबाईंनाच माहीत. आम्हांला विचाराल तर मावशीच्या.

आता पवित्र शास्त्राकडे वळू. संत पौलाने करिंथहून रोमकरांना आपले सर्वांत मोठे पत्र लिहिले, तेव्हा रोम शहर त्याने पाहिलेले नव्हते. पत्राच्या आरंभीच तो म्हणतो, की तुम्हांला भेटण्याची मला फार ओढ आहे; भेटलो म्हणजे तुमच्या विश्वासाने मला आणि माझ्या विश्वासाने तुम्हांला धीर येईल. शेवटच्या अध्यायात तो वीसहून अधिक जणांना नावानिशी सलाम सांगतो. यांतील काही जण त्याला इतरत्र भेटलेले होते, पण तेथील मंडळीचा मोठा भाग केवळ ऐकून आणि लिहून माहीत झालेला. पुढे सुमारे तीन वर्षांनी तो रोमकडे निघाला, तोही कैदी म्हणून. वाटेत जहाज फुटले, माल्टा बेटावर हिवाळा काढावा लागला. मग प्रेषितांची कृत्ये या पुस्तकाच्या शेवटच्या अध्यायात एक लहानशी ओळ येते. रोमचे बंधुजन त्याला भेटायला अप्पियाची पेठ आणि तीन उतारशाळा या ठिकाणांपर्यंत चालून आले. अप्पियाची पेठ रोमपासून साठ किलोमीटरहून दूर. आपल्या चितेगावातून पैठणला जावे आणि तसेच परत यावे, साधारण तेवढी चाल. त्यांना पाहून पौलाने देवाचे आभार मानले आणि त्याला धीर आला, असे लूक लिहितो. वादळात इतरांना धीर देणारा हा माणूस, पण या भेटीची गरज त्यालाही होती.

अशा भेटीत थोडी निराशाही असते, हे लपवण्याचे कारण नाही. करिंथकरांनी तर पौलाबद्दल म्हटलेच होते, की याची पत्रे भारदस्त, पण प्रत्यक्षात माणूस अशक्त आणि बोलणे बेताचे. पत्र लिहिणारा चार वेळा विचार करून लिहितो. मोबाईलवर तर चांगला निघालेला फोटोच पाठवला जातो. समोर आलेला माणूस घामेजलेला, थकलेला, कधी चिडलेला असतो. रोमकरांनी ज्या विद्वानाचे पत्र वाचले होते, तो त्यांच्यासमोर आला तेव्हा शिपायाच्या पहाऱ्यातला कैदी होता. त्यांनी पाठ फिरवली नाही, त्याच्याबरोबर शहरापर्यंत चालत गेले. म्हणूनच आईवडिलांना आम्ही सांगू, की मैत्री खोटी म्हणून उडवून लावू नका, पण ती घरात उघडी असू द्या. आनंदीबाईंची मैत्री लपवलेली नव्हती, पतीला ती ठाऊक होती, पत्रव्यवहार जवळजवळ तीन वर्षे चालला होता आणि बोटीवर सोबतीला मिशनरी स्त्रिया होत्या. जो मित्र आपले नाव घरी सांगू नको म्हणतो, आधी पैसे पाठव म्हणतो, एकटीच ये म्हणतो, त्याच्याशी मैत्री तेथेच संपवावी. त्यात पाप नाही.

योहानाच्या दोन छोट्या पत्रांचा शेवट पाहा. लिहिण्यासारखे पुष्कळ आहे, पण ते शाईवर आणि कागदावर सोडायचे नाही, येऊन बोलू, असे तो दोन्हीकडे सांगतो. देवानेही आपल्याशी असेच केले नाही का? संदेष्ट्यांच्या मुखाने तो शतकानुशतके निरोप पाठवत राहिला आणि अखेर बेथलेहेमात आपल्यासारखा देह घेऊन स्वतः आला. निरोप खरेच होते, खोटे नव्हते. पण मरियेच्या मांडीवरचे बाळ उचलून घेता येत होते. नाथषष्ठीला पैठणच्या रस्त्याने पायी जाणाऱ्या दिंड्या आपण पाहतो. घरी देव नाही म्हणून ती माणसे निघत नाहीत, भेट हवी म्हणून निघतात. 2020 साली ख्रिस्तमंदिरे बंद होती, तेव्हा मोबाईलवरच्या मिस्साने आपल्याला सावरले आणि अंथरुणाला खिळलेल्यांना तो आजही आधार आहे. परंतु धडधाकट असूनही अजून पडद्यावरच मिस्सा पाहणाऱ्यांना आम्ही प्रेमाने विचारतो, ख्रिस्तशरीर पडद्यातून हातावर कसे मिळणार?

आनंदीबाई 11 मार्च 1886 रोजी डॉक्टर झाल्या. क्षयाने खंगून त्या मायदेशी परतल्या आणि 26 फेब्रुवारी 1887 रोजी पुण्यात वारल्या. बाविसावे वर्षही पुरे झाले नव्हते. त्यांची रक्षा समुद्रापार कार्पेंटरबाईंकडे गेली. न्यूयॉर्क राज्यातील पोकीप्सी येथे त्यांच्या कुटुंबाच्या दफनभूमीत तिला जागा मिळाली आणि शिळेवर ती ब्राह्मण स्त्री असल्याचे कोरले गेले. ख्रिस्ती कुटुंबाच्या दफनभूमीत, आपल्या माणसांच्या मधोमध.

आणखी एक गोष्ट कामाची. रोमकरांच्या पत्राच्या सोळाव्या अध्यायात पौल फीबी नावाच्या भगिनीची ओळख करून देतो आणि ती येईल तेव्हा तिला लागेल ती मदत करा, असे लिहितो. परदेशी निघणाऱ्या मुलामुलींनी बाप्तिस्म्याचा दाखला आणि येथील धर्मगुरूंचे पत्र न विसरता सोबत न्यावे. पोहोचल्यावर पहिल्याच रविवारी तेथील धर्मग्रामात द्यावे. तसेच, आपल्या भागातील कारखान्यांत कामासाठी परराज्यांतून आलेले कोणी कॅथलिक तरुण आपल्या शेजारी खोली घेऊन राहत असतील, तर त्यांचे नाव मिस्सानंतर कार्यालयात कळवावे. त्यांच्या घरची माणसे रोज रात्री फोनवर विचारत असतील, तिथे आपले कोणी भेटले का?